भरलेला मासा, गॅलरीतला ओव्हन आणि भुसावळची मावशी: वर्षभर वापरून लिहितोय

आधीच सांगून टाकतो, रिव्ह्यू ओव्हनचा आहे पण निम्म्याच्या वर तुम्हाला मासा आणि मासेवाली मावशीच वाचायला मिळेल. कारण वर्षभर हाणून हाणून वापरल्यावर माझं मत असं झालंय की घरी भरलेला मासा बेक करायचा असेल तर ओव्हन कुठल्या कंपनीचा हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. दुसऱ्या नंबरला मासा कोणता, आणि पहिल्या नंबरला तो मासा कापून कोण देतंय. हे मला सात हजार घालवायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी रेल्वेत आहे, मालगाडीचा गार्ड. २०२२ पासून आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, बाकी झेंडी तीच आणि डबा तोच. ड्युटी भुसावळ ते इगतपुरी, आणि इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या ड्युटीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, पालघरकडचा एक मित्र भेटतो, त्याने एकदा घरून केळीच्या पानात गुंडाळलेलं भरलेलं पापलेट आणलं होतं. गार झालेलं होतं हो, तरी मी पान चाटून पुसून खाल्लं. आमच्याकडे मासा म्हणजे एक तर तिखटजाळ काळ्या मसाल्याचा रस्सा नाहीतर तव्यावर करकरीत तळलेला तुकडा, मधलं काही नाहीच. तो म्हणाला ओव्हन घे, घरी होतं, सोपं असतं. सोपं म्हणणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये.

आता ओव्हनच का, गॅसवर का नाही, तर आमची आई माळकरी. तुळशीची माळ गळ्यात, एकादशा कडक, आणि मुक्ताईनगरहून मुक्ताबाईची पालखी निघते पंढरपूरला त्यात तिच्या बरोबरीच्या बायकांसोबत पायी जाते, महिनाभराचा प्रवास. आमच्या खाण्यावर तिचं बोलणं काही नाही पण नियम एकच, स्वयंपाकघरात मासा मटण शिजणार नाही, त्या ओट्यावर ठेवणारसुद्धा नाही. "बाहेर काय करायचं ते कर, माझ्या भांड्यांले हात लावू नको." म्हणून मागच्या गॅलरीत एक जुनं लोखंडी टेबल, त्यावर वेगळी भांडी, आणि तिथे तळण करायचं म्हटलं की तेल उडतं, धूर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता मेसेज पडतात. ओव्हनमध्ये दार बंद, धूर नाही, तेल चमचाभर. हे गणित बायकोला पटलं आणि तिने होकार दिला. खरं तर तिला त्यात नानकटाई करायची होती, पण माशाचा ओव्हन म्हटल्यावर तिने नाद सोडला.

घेतला तो २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकात, विजेवरचा), १५०० वॅटचा, जळगावच्या दुकानातून ऑफरमध्ये ७,२०० ला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे थोडी तक्रार आहे आणि सगळ्याच कंपन्यांचं उन्नीस बीस असंच ऐकलंय. आत वर दोन तापणारे रॉड, खाली दोन रॉड, आतली हवा फिरवायला पंखा, एक ट्रे, एक जाळी, आणि चिकन फिरवायचा तो दांडा जो मी आजपर्यंत एकदाही लावला नाही. घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, गॅलरीत साधा ५ अँपिअरचा पॉइंट असतो त्यावर हा लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. मी चार दिवस एक्स्टेन्शन बोर्डावर चालवला आणि बोर्डाचा प्लास्टिक वास यायला लागला तेव्हा घाबरून वायरमन बोलावला. पॉइंटचे वेगळे गेले, ते त्या ७,२०० मध्ये धरलेले नाहीत.

पहिला प्रयोग बासाचा केला. मॉलच्या फ्रीजरमधलं एक किलोचं पाकीट, पांढरेशुभ्र तुकडे, काटा नाही, कातडी नाही, वास नाही, व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं. मी घाईत होतो, रात्रपाळी करून आलेलो, म्हणून गोठलेले तुकडे गरम पाण्याच्या पातेल्यात टाकले. दहा मिनिटांत बाहेरून माशाच्या कडा शिजल्यासारख्या पांढऱ्या झाल्या आणि आत दगड. वजन केलं तर बर्फ सुटल्यावर ७८० ग्रॅम. म्हणजे पावशेराच्या आसपास पाणी मी मासा म्हणून घेतलं. तुकड्यावर मसाला पसरला, गुंडाळी केली, टूथपिक टोचली, ओव्हनमध्ये टाकलं. अर्ध्या तासाने ट्रे काढला तर अर्धा इंच पांढरट पाणी आणि त्यात उलगडलेल्या गुंडाळ्या पोहताहेत, मसाला सगळा बाहेर. मुलगी वाकून बघत म्हणाली, पप्पा हे सूप आहे का? बायको काही बोलली नाही, फक्त फ्रीजमधली शेव भाजी गरम करायला गेली. ते जास्त लागलं.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की दोष निम्मा माझा आणि निम्मा निवडीचा. बासा म्हणजे पंगसच्या घराण्यातला गोड्या पाण्यातला मासा, व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडून त्याची मोठी निर्यात होते, आणि पंगस आता आपल्याकडेही तळ्यांमध्ये भरपूर पाळतात. मासा वाईट नाही. पण अंगानेच मऊ आणि पाणीदार, त्यात गोठवताना वरून बर्फाचा थर चढवतात तो वेगळा, आणि मुख्य म्हणजे कातडी काढलेला असतो. भरायचं म्हणजे मसाला धरून ठेवायला काहीतरी पिशवी पाहिजे ना? कातडी हीच ती पिशवी. तीच नाही तर तुम्ही भरणार कशात. त्यातूनही बासाच करायचा असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून सावकाश सुटू द्या, पाणी टाकून द्या, स्वच्छ फडक्यात दाबून दाबून कोरडा करा आणि मसाला आत भरायच्या भानगडीत न पडता वरून जाड थापा. तसं केलं तर बरं लागतं, मुलांना काटा नाही म्हणून आवडतं. पण भरलेला मासा म्हणून त्याला ५ पैकी २.

मग मी मासळी बाजारात गेलो. जून महिना, आई नुकतीच वारीला निघालेली. आता गंमत बघा, आई वारीला जाते ते दिवस आणि समुद्रातली मासेमारी बंद असते ते दिवस जवळपास एकच येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, माशांचा अंडी घालायचा काळ म्हणून. त्यामुळे घरात मोकळीक असते तेव्हा पापलेट एक तर दिसत नाही, नाहीतर दिसलं तर बर्फातलं जुनं आणि भाव असा की विचारूनच पोट भरतं. तसंही मुंबई आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या वर, इथे पोचेपर्यंत त्या माशाचे डोळे माझ्या नाईट ड्युटीनंतरच्या डोळ्यांसारखे झालेले असतात. म्हणून आपल्याला हतनूर धरणाचा मासा बरा. तापीचा, सकाळी काढलेला.

मावशीकडे गेलो आणि शहाणपणा केला, म्हणालो दीड किलोचा रोहू द्या, भरून भाजायचाय. मावशीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "रोहू कायले घेतो रे भाऊ भरायले? काटे मोजत बसशील रातभर." आणि बरोबर होतं तिचं. रोहू, कटला, मृगल या माशांच्या मांसात वाय आकाराचे बारीक काटे असतात, मणक्याला न चिकटलेले, मांसातच अडकलेले. मणका काढला तरी ते राहतात. रश्श्याच्या तुकड्यात माणूस निवांत बसून निवडतो, पण मसाला भरलेल्या माशात मसाल्याच्या घासाबरोबर काटा गेला की संपलं. तिने चिलापी काढून दिली. बाकी लोक तिलापिया म्हणतात, काही दुकानदार तर फॅन्सी नाव लावून विकतात, पण आपल्याकडे चिलापीच. रंग काळपट, दिसायला काही खास नाही म्हणून पाहुण्यांसमोर कुणी नाव काढत नाही तिचं. आत मात्र मांस पांढरं, घट्ट, आणि काटे म्हणाल तर मणका आणि बरगड्या, मांसात लपलेले बारीक काटे नाहीत. साडेसातशे ग्रॅमची एक, अशा दोन घेतल्या. १८० रुपये किलोने.

आता कापणं. हे मी तीन वेळा उभं राहून बघितलंय आणि अजून मला घरी जमलेलं नाही. नेहमी मासा पोटाकडून फाडतात, बरोबर? मावशी पाठीकडून उघडते. आधी विळीवर खवले, शेपटीकडून डोक्याकडे खरखर खरखर, पाण्याचा शिपका मारत. मग विळी बाजूला आणि एक छोटी सुरी, जिचं पातं झिजून झिजून बोटाएवढं राहिलंय. पाठीवरच्या काटेरी पराच्या एका बाजूने सुरी घालते आणि मणक्याला घासत घासत शेपटीपर्यंत नेते, आवाज येतो हाडावर सुरी फिरल्याचा, कर्र असा, तो आवाज आला की समजायचं मांस वाया जात नाहीये. मग पराच्या दुसऱ्या बाजूने तसंच. पोटाची कातडी मात्र कुठेही फाटू देत नाही. मग कात्रीने मणका डोक्यापाशी तोडला, शेपटीपाशी तोडला, आणि बोटात धरून आख्खा मणका बरगड्यांसकट वर ओढून काढला, त्याच्यामागून आतडी वगैरे सगळं. उरतं काय तर होडी. खालून बंद, वरून उघडी, पुढे डोकं मागे शेपटी. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, फुटली तर सगळा मासा कडू. आतली काळी पातळ त्वचा ती अंगठ्याने घासून काढते आणि म्हणते, "हे राहिलं तं मग चिखल लागते म्हणून मले नाव ठेवशील."

एका माशाचे ३० रुपये कापणावळ. दोन माशांचे ६० आणि तिने पिशवीत एक लिंबू टाकलं. त्या होडीला ५ पैकी ५, आणि माझ्या मते सात हजारांच्या ओव्हनपेक्षा त्या तीस रुपयांत जास्त काम झालं, कारण पोटाकडून फाडलेल्या माशात भरलेला मसाला ट्रेमध्ये खालून वाहून जातो आणि ह्यात वरून भरतो म्हणून आतच राहतो. जायचं असेल तर रविवारी जाऊ नका. रविवारी गर्दीत ती पाठीकडून कापायला सरळ नाही म्हणते, आणि तिच्या शेजारचा पोरगा करून देतो म्हणून जे करतो त्याला मी फाडणं म्हणेन. बुधवारी सकाळी साडेआठ नऊला जा. सुट्टे पैसे न्या. आणि मासा बघून घ्याच, डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला उचलला की आत लालभडक, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. तिचा माल चांगलाच असतो पण बघणाऱ्याला ती थोडी मान देते.

धरणाच्या माशाला मातीचा वास असतो अशी तक्रार सगळे करतात आणि खोटी नाही. पाण्यातल्या शेवाळासारख्या बारीक जीवांमुळे तो येतो आणि माशाच्या मांसात मुरतो. पण आंबट लागलं की तो उतरतो. मी आंबट ताकात थोडं मीठ, हळद घालून अर्धा तास ठेवतो, मग धुऊन फडक्याने आतून बाहेरून टिपून घेतो. हे टिपणं विसरू नका हो, ओला मासा ओव्हनमध्ये भाजत नाही, उकडतो.

भरायला काय? व्हिडिओत पावाचा चुरा, चीज, आणि कसली कसली सुकी पानं दाखवतात. आमच्याकडे त्या दिवशी आदल्या दिवसाची वरण-बट्टी उरलेली. बट्टी शिळी झाली की दगड होते हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे. मिक्सरला फिरवली तर रवाळ चुरा झाला, गहू-मक्याचा, ओव्याचा वास असलेला, आणि माशाला ओवा चालतोच. पावाचा चुरा माशाचं पाणी पिऊन लगदा होतो, बट्टीचा चुरा पाणी पितो पण दाणेदार राहतो. आता मसाला, तर मी सरळ भरताचा घेतला, फक्त वांगं वगळून. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर थोड्या तेलात काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, खलबत्त्यात ठेचायच्या, त्यात कांद्याची पात बारीक चिरून, कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे अर्धेमुर्धे कुटून, मीठ, लिंबू, चमचाभर तेल. दोन माशांना साधारण वाटीभर चुरा आणि वाटीभर हे बाकीचं. हाताने दाबून गोळा होईल इतपतच ओलं. आमच्याकडे भरिताची ताकद काय असते ते जळगावबाहेरच्या लोकांना एकदा सांगून बघा, आपल्या भरिताच्या वांग्याला जीआय टॅग आहे म्हटलं की हसतात, मग खाल्ल्यावर गप्प बसतात. काळा मसाला मी एकदा घालून बघितला, मासा दबून गेला, नका घालू.

होडीत पाऊण भरायचं, ठासून नाही. भाजताना मासा आवळतो आणि चुरा फुगतो, ठासलं की पोट फाटतं, माझं दुसऱ्या खेपेला फाटलं होतं. वरून सुती दोऱ्याने तीन ठिकाणी बांधायचं. प्लास्टिकची सुतळी नाही, हे लिहायला लागतंय कारण माझ्या मेव्हण्याने ते केलंय.

पान केळीचं. आपल्याकडे रावेर सावद्याकडे केळीला काय तोटा, आमच्याकडून केळीच्या गाड्या भरून दिल्लीकडे जातात, त्या लाइनवरचा एक जण दर आठवड्याला मला चार पानं आणून देतो. पान गॅसवर धरून फिरवलं की काळपट हिरवं होऊन मऊ पडतं, मग घडी घालताना फाटत नाही. पालघरवाला फक्त पान वापरतो. मी खाली कांद्याच्या जाड चकत्या पसरतो, त्यावर पान, त्यावर मासा, म्हणजे बूड लागत नाही आणि कांदा फुकटात भाजून मिळतो. फॉइल थेट माशाला लावू नका, आत लिंबू आहे आणि आंबटाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, फॉइलला भोकं पडलेली आणि माशाला धातूची चव आलेली मी बघितली आहे. लावायचीच असेल तर पानावरून लावा, आणि ती रॉडला टेकणार नाही हे बघा.

आता ओव्हनबद्दल, ज्याचा हा रिव्ह्यू आहे.

चांगलं आधी. बेक नीट करतो. वरचे खालचे रॉड वेगवेगळे लावता येतात ही सगळ्यात कामाची गोष्ट, कारण सुरुवातीला दोन्ही पाहिजेत आणि शेवटची पाच मिनिटं पान उघडून फक्त वरचा, तेव्हा कातडीवर ते तपकिरी फोड येतात आणि चुऱ्याचं वरचं टोक कुरकुरीत होतं. ज्यात फक्त एकच रॉडची सेटिंग आहे तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पंख्याने दोन मासे शेजारी शेजारी सारखे भाजतात, पंख्याशिवाय मागचा आधी होतो. २८ लिटरमध्ये साडेसातशेचे दोन मासे तिरके बसतात, शेपट्या एकमेकींवर. त्याहून मोठा मासा असेल तर डोकं काढावं लागतं आणि मग मजा जाते.

वाईट म्हणजे याचा थर्मोस्टॅट, आतलं तापमान सांभाळणारा तो, थापा मारतो. बटण २०० वर ठेवलं की आत १७५ असतं. कळलं कसं, तर दोन वेळा मासा आतून चिकट निघाला, म्हणून ऑनलाइन साडेतीनशेचं ओव्हन थर्मामीटर मागवलं आणि जाळीला टांगलं. आता मी बटण २२५ ला ठेवतो तेव्हा आत २०० मिळतं. दुकानदार म्हणाला सगळ्यांचंच थोडं इकडे तिकडे असतं. असेल, पण २५ डिग्री म्हणजे थोडं नव्हे. त्यामुळे तुमचा कुठलाही ओव्हन असो, पहिल्या दिवशी हे थर्मामीटर लावून बघा आणि बटणावरच्या आकड्याचा खरा अर्थ पेनाने लिहून ठेवा. प्रीहीट, म्हणजे रिकामा ओव्हन आधी तापवणं, १० मिनिटं लिहिलंय पुस्तिकेत, खरं १५ लागतात. मे महिन्यात मात्र आमच्या गॅलरीत नुसतं दार उघडं ठेवलं तरी प्रीहीट होईल अशी परिस्थिती असते, ४५ च्या पुढे पारा आणि त्यात ओव्हनसमोर उभं राहायचं, मे मध्ये मी हा उद्योग करत नाही.

वेळेचं सांगायचं तर आत खरं २०० असताना साडेसातशेचा भरलेला मासा पानात २५ मिनिटं आणि मग पान उघडून वरच्या रॉडवर ५ ते ७. पण घड्याळापेक्षा मासा बघा. सर्वात जाड जागा म्हणजे डोक्यामागची, तिथे सुरीचं टोक घालून हलकं पिळलं की मांस पाकळ्या सुटल्यासारखं अलग झालं पाहिजे आणि चमकदार, काचेसारखं न दिसता पांढरं अपारदर्शक दिसलं पाहिजे. टोचायचा थर्मामीटर असेल तर माशाला आतून ६३ डिग्री पुरे. भरलेल्याला मी मधल्या चुऱ्यात टोचतो आणि ७४ होऊ देतो, कारण कच्च्या माशाचं पाणी त्या चुऱ्याने प्यायलेलं असतं, मासा झाला आणि मधला गोळा कोमट राहिला तर उपयोग नाही. आणि त्याच्या पुढे दहा मिनिटं जास्त ठेवलंत तर पांढरा मासा कापसासारखा होतो, त्यात फारशी चरबी नसते ना, सावरून घ्यायला काही नाही. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवा, मग दोरा कापा.

चौथ्या खेपेला जमला. आई वारीतच होती, फोनवर म्हणाली जेवले का, मी म्हटलं जेवतोय, काय ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पान उघडलं तेव्हा आधी भरिताचा वास आला, भाजलेल्या मिरची लसणाचा, आणि मग मागून माशाचा. मुलीने चमच्याने आडवा घास काढला, खाली पांढऱ्या पाकळ्या, मध्ये हिरवट चुरा, वर करपट कातडी, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. चमचा मध्ये कुठेच अडला नाही, एक काटा नाही. बायकोने पहिला मासा संपवून दुसऱ्याचं डोकं माझ्या ताटातून उचललं, आमच्या घरात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

खर्चाचं सांगतो म्हणजे हॉटेलशी तुलना करता येईल. दीड किलो मासा २७०, कापणावळ ६०, मसाला साहित्य पन्नासेक, केळीचं पान फुकट. वीज म्हणाल तर १५०० वॅट म्हणजे सलग तासभर चालला तर दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट मध्ये मध्ये रॉड बंद करतो म्हणून त्याच्या आतच. चौघांचं पोटभर जेवण चारशेत. हायवेच्या एका हॉटेलात मी भरलेला तंदूरी मासा ६५० ला एक खाल्लाय, आत भरलेलं काय होतं तर वर लावलेलाच मसाला.

सफाई वैताग आहे. रॉडवर मसाला उडाला की पुढच्या वेळी धूर. ओव्हन कोमट असतानाच पुसायचा, आणि वासासाठी वाटीत पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून दहा मिनिटं चालवायचा. वास ऐंशी टक्के जातो. उरलेला वीस टक्के हा ओव्हनचा आता कायमचा स्वभाव आहे, त्यात केक करायचं स्वप्न बघू नका.

आणि तक्रार. आठव्या महिन्यात टायमरचं बटण फिरायचं थांबलं. वॉरंटी वर्षाची. सर्व्हिसवाल्यांना फोन केला, तीन वेळा तक्रार नंबर मिळाला, दोन वेळा माणूस येतो म्हणाले आणि आला नाही, एकदा आला तर म्हणे ओव्हन बाहेर गॅलरीत ठेवलाय म्हणून वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं पुस्तिकेत दाखवा कुठे लिहिलंय, तर त्याच्याकडे पुस्तिका नाही, माझी आणून दाखवली तर पावसात भिजू देऊ नये एवढंच लिहिलेलं. गॅलरीला पत्रा आहे. तो फोटो काढून घेऊन गेला आणि वॉरंटी संपेपर्यंत त्या फोटोचं काय झालं कळलं नाही. सध्या टायमर कायम चालूच्या खुणेवर ठेवलाय आणि मोबाईलवर गजर लावतो. ओव्हन चालू ठेवून कुठेही जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलंय, कारण आपोआप बंद होणारं काही उरलं नाही त्यात.

तर ओव्हनला ५ पैकी ३, त्यातला एक तारा नुसता वरच्या रॉडचा. सर्व्हिसला शून्य देता येत नाही म्हणून १.

अपडेट टाकतोय. आई यंदाची वारी करून आली. गॅलरीत कपडे वाळत घालताना ओव्हनकडे बघून म्हणाली, हे डबडं एवढं तापतं तर यात वांगी भाजतील का रे, गॅसवर फार पसारा होतो. मी म्हटलं आई त्यात मासा होतो. तर म्हणे माहीत आहे मला, तुझ्यासाठी कोण विचारतंय, दुसरं घे. आता दुसऱ्या ओव्हनचे रिव्ह्यू वाचत बसलोय, वांगी भाजायला कोणता चांगला हे कुणाला माहीत असेल तर खाली सांगा, वरचा रॉड वेगळा लागणाराच पाहिजे.